गेम बंद पडल्यावर लॉग फाइल कशी जपावी, शोधावी आणि सपोर्टला पाठवावी

गेम अचानक बंद पडला की बहुतेक जण सर्वांत आधी तोच गेम पुन्हा सुरू करून पाहतात, आणि बिघाडाचा पुरावा अनेकदा त्याच क्षणी पुसला जातो. लॉग फाइल म्हणजे गेम चालू असताना त्याने स्वतः लिहून ठेवलेली नोंदवही. कोणते ग्राफिक्स कार्ड सापडले, कोणती फाइल वाचता आली नाही, सर्व्हरशी जोडणी केव्हा झाली, केव्हा तुटली आणि शेवटी काय चुकले, हे सारे तिच्यात ओळीने उतरलेले असते. मात्र अनेक गेम सुरू होताना जुनी नोंदवही बाजूला सारतात किंवा पुसतात आणि नवी लिहायला घेतात. ‘आणखी एकदा बघू’ म्हणत गेम दोनदा उघडला, तर सपोर्टकडे, म्हणजे गेमच्या कंपनीच्या मदत विभागाकडे, जाणारी फाइल बिघाडाची न राहता नंतर सुरळीत चाललेल्या दोन मिनिटांची होते.

रत्नागिरीत संगणक दुरुस्तीचे काम करताना चिपळूण, दापोली, मालवण, कुडाळ अशा ठिकाणांहून आलेली मुले ‘सपोर्टवाले उत्तरच देत नाहीत’ ही तक्रार सतत करतात. त्यांनी पाठवलेले तिकीट, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेली तक्रार, उघडून पाहिले की त्यात मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो आणि ‘गेम चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ एवढेच असते. पलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाला तेवढ्यावरून काहीही ठरवता येत नाही. नेमकी फाइल, नेमकी वेळ आणि दोन-चार नेमकी वाक्ये मिळाली तर तोच तंत्रज्ञ पहिल्याच उत्तरात उपाय सांगू शकतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

या लेखात आज्ञांची आणि फोल्डरांची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत. %ॲपडेटा% असे लिहिले असेल तेथे दोन्ही बाजूंची टक्क्याची चिन्हेही टाइप करावीत आणि मधे जागा सोडू नये.

१. पूर्वतयारी: बिघाड होण्याआधी करून ठेवायची कामे

विंडोज मूळ स्थितीत फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, दाखवत नाही आणि ॲपडेटा हा फोल्डरही लपवून ठेवते. विंडोज ११ मध्ये कोणताही फोल्डर उघडून वरच्या पट्टीतील ‘व्ह्यू’मध्ये जावे, त्यात ‘शो’ निवडावे आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ व ‘हिडन आयटम्स’ या दोन्हींवर खूण करावी. विंडोज १० मध्ये याच दोन चौकटी ‘व्ह्यू’ टॅबखाली समोरच दिसतात. हे न करता शोधायला बसणारा माणूस ‘तुम्ही सांगितलेला फोल्डर माझ्याकडे नाहीच’ असे सपोर्टला कळवतो आणि त्यात दोन दिवस जातात.

त्यानंतर संगणकाचे घड्याळ तपासावे. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल उतरलेला असेल तर लाइट गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागच्या तारखेवर जाते. इंटरनेट जोडेपर्यंत लिहिलेल्या सर्व नोंदींवर तीच चुकीची तारीख पडते आणि लॉगमधील वेळेचा प्रत्यक्ष घटनेशी मेळ बसत नाही. सेल बदलायला फारसा खर्च येत नाही, म्हणून तो आधीच बदलून घ्यावा.

तिसरी गोष्ट आपल्या किनारपट्टीवर विशेष महत्त्वाची आहे. पावसाळ्यात वीज येत-जात असते आणि पुष्कळ घरांत संगणक इन्व्हर्टरवर चालतो. घरगुती इन्व्हर्टर मुख्य विजेवरून बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडू देतात. पंख्याला आणि दिव्याला तो जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटण असते. त्या स्थितीत अदलाबदल अधिक वेगाने होते. आपल्या इन्व्हर्टरवर ते आहे का आणि कोणत्या स्थितीत आहे, हे पाहून ठेवावे. लाइट जाताच संगणक पुन्हा सुरू होत असेल तर तो गेमचा बिघाड नाही आणि त्यासाठी गेमच्या कंपनीला लॉग पाठवून काहीही साधणार नाही.

शेवटी डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर तयार करून ठेवावा. पुढे गोळा होणारी प्रत्येक फाइल त्यातच टाकायची आहे.

२. गेम बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे

पडद्यावर एखादा संदेश आला असेल तर तो बंद करण्यापूर्वी विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्यावा. संदेशातील क्रमांक आणि अक्षरे हुबेहूब हवी असतात. आठवणीतून लिहिलेला कोड बहुधा एका अक्षराने चुकलेला असतो.

त्यानंतर कागदावर किंवा नोटपॅडमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात: गेम बंद पडला ती वेळ तास-मिनिटांसह, त्या क्षणी आपण नेमके काय करत होतो आणि त्याआधीच्या दिवसांत काय बदलले होते. अपडेट, नवा ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डासारखे भाग चालवणारे सॉफ्टवेअर), नवा मॉड (इतरांनी गेममध्ये घालण्यासाठी बनवलेला बदल), बदललेली ग्राफिक्स सेटिंग, नवे अँटिव्हायरस, यांपैकी काहीही असले तरी लिहावे. ‘काहीच बदलले नाही’ असे सांगणाऱ्या माणसाच्या संगणकात पुष्कळदा आदल्याच रात्री विंडोजचा अपडेट बसलेला आढळतो, म्हणून सेटिंग्जमधील विंडोज अपडेटची ‘अपडेट हिस्टरी’ एकदा पाहावी.

गेम बंद न पडता नुसता गोठला असेल तर घाई करू नये. एक-दोन मिनिटे थांबावे, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. गेम संपवण्यापूर्वी, शक्य असेल तर, चौथ्या टप्प्यात सांगितलेली लॉग फाइल त्याच स्थितीत कॉपी करून घ्यावी आणि गेम संपवल्यावर तिची दुसरी प्रत घ्यावी. काही गेम शेवटच्या ओळी फाइल बंद होतानाच लिहितात, त्यामुळे दोन्ही प्रतींचा उपयोग होतो.

सावधान: या टप्प्यावर गेम पुन्हा सुरू करू नये, अनइन्स्टॉल करू नये, स्टीम या गेम विकत घेण्याच्या व चालवण्याच्या ॲपवरून फाइलींची पडताळणी करू नये आणि संगणक ‘साफ’ करणारे कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. हे सर्व उपाय योग्य असू शकतात, पण त्यांची वेळ लॉग जपल्यानंतर येते. साफसफाईची सॉफ्टवेअर टेम्प हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रिकामा करतात आणि काही गेमचे क्रॅश अहवाल (बंद पडल्याचे अहवाल) नेमके तेथेच असतात.

३. बिघाड गेमचा, संगणकाचा की विजेचा

नुसता गेम बंद पडून डेस्कटॉप दिसू लागला, की संपूर्ण संगणकच बंद झाला, हा पहिला प्रश्न आहे. दोन्हींचे पुरावे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. विंडोज आणि आर या कळा दाबाव्यात, येणाऱ्या चौकटीत ‘इव्हेंटव्हीडब्ल्यूआर’ हे आठ अक्षरांचे इंग्रजी नाव टाइप करावे आणि एंटर दाबावे. इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ उघडले की त्यात ‘ॲप्लिकेशन’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन भाग दिसतात.

नुसता गेम पडला असेल तर ‘ॲप्लिकेशन’ भागात आपण लिहून ठेवलेल्या वेळेच्या आसपास लाल खुणेची, १००० क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात बंद पडलेल्या प्रोग्रॅमचे नाव, ज्या भागात दोष आढळला त्या मोड्यूलचे नाव आणि एक्सेप्शन कोड असतो. गेम गोठला असेल तर नोंदीचा क्रमांक बहुधा १००२ असतो. मोड्यूलच्या नावावरून पुष्कळ कळते: तेथे गेमचे नाव नसून ग्राफिक्स ड्रायव्हरच्या किंवा पडद्यावर फ्रेमची संख्या दाखवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या फाइलचे नाव असेल, तर तपासाची दिशा तेथेच बदलते.

संपूर्ण संगणक बंद झाला असेल तर ‘सिस्टीम’ भागात ‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद सापडते. या नोंदीचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा लावतात. ‘संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला’ एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. नोंदीच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘बगचेक कोड’ पाहावा. तो शून्य असेल तर वीज गेली, पॉवर बटण दाबून धरले गेले, वीजपुरवठ्याचा भाग कमजोर आहे किंवा संगणक कोणतीही नोंद न करता गोठला, अशा शक्यता उरतात. तो शून्याखेरीज काही असेल तर निळा पडदा येऊन विंडोज स्वतः कोसळले होते, आणि विंडोज फोल्डरातील ‘मिनीडम्प’मध्ये त्याची फाइल असण्याची शक्यता आहे. ‘सिस्टीम’ भागातच ‘डिस्प्ले’ नावाची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला होता आणि विंडोजने तो सावरला, असे समजावे.

संबंधित नोंदी निवडून, उजव्या बाजूच्या ‘सेव्ह सिलेक्टेड इव्हेंट्स’ने त्या आपल्या फोल्डरात साठवाव्यात. संपूर्ण ‘सिस्टीम’ लॉग पाठवू नये. त्यात अनेक दिवसांच्या हजारो असंबद्ध नोंदी असतात.

तपासणी: नोंदीतील वेळ आणि आपण लिहिलेली वेळ यांत एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक फरक असेल तर ती नोंद बहुधा दुसऱ्याच घटनेची आहे; ४१ क्रमांकाची नोंद मात्र संगणक पुन्हा सुरू झाल्याच्या वेळेची असते. लाल खूण दिसली म्हणून ती उचलू नये. सुस्थितीतील संगणकातही लाल खुणा रोज पडतात.

४. लॉग फाइल शोधणे

या टप्प्यावर सर्वाधिक गोंधळ होतो, कारण सर्व गेम एकाच जागी लॉग लिहीत नाहीत. तरीही गेम कोणत्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवण्याच्या कोणत्या तयार सॉफ्टवेअरवर, बनला आहे हे कळले की जागा बऱ्याच अंशी ठरते. ते ओळखण्यासाठी गेमचा मूळ फोल्डर उघडावा. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर उजवी क्लिक करावी, ‘मॅनेज’मध्ये जावे आणि ‘ब्राउज लोकल फाइल्स’ निवडावे. तेथे ‘युनिटीप्लेअर’ नावाची फाइल आणि नावाच्या शेवटी ‘डेटा’ असलेला फोल्डर दिसला तर गेम युनिटीवर बनला आहे. ‘इंजिन’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या शेजारी गेमच्या नावाच्या फोल्डरात ‘बायनरीज’ दिसले तर तो बहुधा अनरियलवर आहे.

युनिटीवरील गेम: विंडोज आणि आर दाबून %यूजरप्रोफाइल% टाइप करावे, उघडलेल्या जागी ॲपडेटा, त्यात ‘लोकललो’, त्यात कंपनीच्या नावाचा आणि त्यात गेमच्या नावाचा फोल्डर उघडावा. तेथे ‘प्लेअर’ नावाची लॉग फाइल असते आणि तिच्या शेजारी ‘प्लेअर-प्रेव्ह’ असते. पहिली सर्वांत अलीकडच्या वेळची, दुसरी त्याच्या आदल्या वेळची. गेम पडल्यावर एकदाच पुन्हा सुरू केला असेल तर बिघाडाचा लॉग ‘प्रेव्ह’ फाइलीत शाबूत असतो. दोनदा सुरू केला असेल तर तो गेला, आणि बिघाड पुन्हा होण्याची वाट पाहावी लागते. कंपनीचे नाव कधी कधी स्टीमवर दिसणाऱ्या नावापेक्षा वेगळे असते, म्हणून ‘लोकललो’मधील सर्व फोल्डर उघडून पाहायला कंटाळू नये.

अनरियलवरील गेम: %लोकलॲपडेटा% टाइप करावे, गेमचा फोल्डर उघडावा, त्यात ‘सेव्ह्ड’ आणि त्यात ‘लॉग्ज’ उघडावे. येथे फोल्डरचे नाव गेमच्या नावाऐवजी निर्मात्यांनी प्रकल्पाला दिलेले अंतर्गत नाव असू शकते. जुने लॉग ‘बॅकअप’ हा शब्द आणि तारीख-वेळ नावाला जोडून तेथेच ठेवलेले असतात, त्यामुळे नुकसान सहसा कमी होते. ‘सेव्ह्ड’मध्येच ‘क्रॅशेस’ हा फोल्डर असेल तर त्यातील घटनेच्या वेळेचा संपूर्ण उपफोल्डर घ्यावा.

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती: %ॲपडेटा% टाइप करून, नावाआधी टिंब असलेला माइनक्राफ्टचा फोल्डर उघडावा. ‘लॉग्ज’मध्ये ‘लेटेस्ट’ ही चालू फाइल असते आणि जुन्या फाइली तारखेच्या नावाने संकुचित करून ठेवलेल्या असतात. ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ फोल्डरातील अहवाल वेगळा असतो. तो मिळाला तरी ‘लेटेस्ट’ही पाठवावी, कारण अहवाल शेवटचा क्षण सांगतो आणि लॉग तिथवरची वाट दाखवतो. मॉड वापरणाऱ्यांनी स्वतंत्र लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) घेतला असेल तर हे फोल्डर त्या लाँचरच्या प्रोफाइलमध्ये असतात. मूळ फोल्डरातील महिनाभर जुनी ‘लेटेस्ट’ उचलून पाठवणे ही येथली नेहमीची चूक आहे.

यांपैकी कशातच गेम बसत नसेल तर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर आणि त्यातील ‘माय गेम्स’ पाहावे. वनड्राइव्ह चालू असेल तर ‘डॉक्युमेंट्स’ची खरी जागा वनड्राइव्हच्या फोल्डरात असू शकते, हे लक्षात ठेवावे. तेथेही न मिळाल्यास गेमच्या मूळ फोल्डरात शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि ‘लॉग’ हा शब्द टाकून शोधावे आणि निकाल ‘डेट मॉडिफाइड’प्रमाणे लावावेत. गेम सुरूच होत नसेल, म्हणजे लाँचरवरच अडत असेल, तर लाँचरचा लॉग हवा. स्टीमचे स्वतःचे लॉग स्टीमच्या मूळ फोल्डरातील ‘लॉग्ज’मध्ये असतात.

मॅकवर फाइंडरमध्ये ‘गो टू फोल्डर’ निवडून आपल्या खात्याच्या ‘लायब्ररी’तील ‘लॉग्ज’ पाहावे. क्रॅश अहवाल त्यातील ‘डायग्नॉस्टिक रिपोर्ट्स’मध्ये असतात. लिनक्सवर किंवा स्टीम डेकवर प्रोटॉनचा, म्हणजे विंडोजचे गेम तेथे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, लॉग आपोआप तयार होत नाही. गेमच्या ‘लाँच ऑप्शन्स’मध्ये प्रोटॉन-लॉगची सूचना आधी घालावी लागते, म्हणून ती ओळ सपोर्टकडून जशीच्या तशी मागून घ्यावी.

फोनवर खेळणाऱ्यांनी आधी गेमच्या आतील ‘सपोर्ट’ किंवा ‘कस्टमर सर्व्हिस’ हा मार्ग वापरावा, कारण अनेक गेम तेथून लॉग स्वतःच जोडून पाठवतात. अँड्रॉइड ११ पासून इतर ॲपचा डेटा फाइल मॅनेजरमधून सहसा उघडता येत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधील ‘बग रिपोर्ट’ फोनबद्दल खूपच माहिती गोळा करतो, म्हणून तो मागितल्याशिवाय पाठवू नये.

तपासणी: फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील बदलाची वेळ पाहावी. ती बिघाडाच्या वेळेशी जुळली तरच पुढे जावे.

५. प्रत काढणे आणि संगणकाची माहिती जोडणे

फाइल कट करू नये, कॉपी करावी आणि डेस्कटॉपवरच्या फोल्डरात ठेवावी. नाव बदलू नये. दोन फाइलींची नावे सारखी असतील तर फोल्डरात दोन उपफोल्डर करावेत.

आता विंडोज आणि आर दाबून ‘डीएक्सडायग’ टाइप करावे. खिडकीच्या खालच्या बाजूला हिरवी पट्टी सरकत असते; ती पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मगच ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’ दाबावे. पट्टी पूर्ण होण्याआधी घाई केली तर माहिती अपुरी साठवली जाऊ शकते. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरची तारीख या एकाच फाइलीत येते. ‘आठ जीबी रॅम आहे, चांगला लॅपटॉप आहे’ या वाक्याने ती गरज भागत नाही.

६. पाठवण्यापूर्वी लॉग स्वतः वाचणे

लॉग नोटपॅडमध्ये उघडावा. वर्डमध्ये उघडून साठवल्यास फाइलचे स्वरूपच बदलते. संपूर्ण लॉग समजण्याची गरज नाही. आरंभीचा आणि शेवटचा भाग पाहिला तरी पुरे.

आरंभी गेमची आवृत्ती आणि सापडलेले ग्राफिक्स कार्ड लिहिलेले असते. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि महागडे कार्ड असूनही गेम प्रोसेसरमधल्या साध्या चिपवर चालत असल्याचे या एका ओळीत उघड होते. तसे दिसले तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’खालील ‘ग्राफिक्स’मध्ये त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडून पाहावे. तिकीट लिहिण्याची गरजही कदाचित उरणार नाही.

मराठी घरांत हमखास आढळणारी एक अडचणही येथेच दिसते. विंडोजचे खाते तयार करताना नाव देवनागरीत दिले असेल, तर यूजर फोल्डरच्या मार्गातही देवनागरी अक्षरे येऊ शकतात. काही गेम आणि बरेच मॉड असा मार्ग वाचू शकत नाहीत. लॉगमध्ये त्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात आणि लगेच पुढे ‘फाइल सापडली नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. ही गोष्ट तिकिटात स्पष्ट लिहावी, कारण परदेशातील तंत्रज्ञाला ती आपण होऊन सुचण्याची शक्यता कमी असते. दाखवायचे नाव बदलल्याने फोल्डरचे नाव बदलत नाही. तपासून पाहायचे असेल तर इंग्रजी अक्षरांतील नावाचे नवे खाते तयार करून गेम त्यात चालवावा.

शेवटच्या भागात ‘एरर’, ‘एक्सेप्शन’ किंवा ‘फेटल’ हे शब्द आहेत का ते पाहावे, पण त्यावरून स्वतः निदान करू नये. ‘एरर’ हा शब्द ठणठणीत चालणाऱ्या गेमच्या लॉगमध्येही अनेकदा येतो. लॉग वाक्याच्या मध्येच तुटला असेल किंवा शेवटी रिकामी, विचित्र चिन्हे असतील तर ते वीज गेल्याचे किंवा यंत्रच गोठल्याचे लक्षण असू शकते, आणि मग तिसऱ्या टप्प्यातील ४१ क्रमांकाच्या नोंदीचे महत्त्व वाढते.

सावधान: अनेक लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहिले जातात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. रात्री ९:४० वाजता पडलेल्या गेमची नोंद अशा लॉगमध्ये १६:१० अशी दिसते. मध्यरात्रीनंतर तारीखही बदलते: आपल्याकडे १५ तारखेचे रात्रीचे १२:३० वाजले असता लॉगमध्ये १४ तारीख आणि १९:०० ही वेळ असते. ‘वेळ जुळत नाही’ म्हणून योग्य फाइल टाकून देण्यापूर्वी हा हिशेब करावा आणि तिकिटात वेळ भारतीय असल्याचे लिहावे.

७. खासगी माहिती झाकणे

लॉगमध्ये यूजर फोल्डरचे नाव, आयपी पत्ता, ईमेल, गेममधील ओळखक्रमांक आणि क्वचित ‘टोकन’ किंवा ‘सेशन’ या शब्दांपुढील लांबलचक अक्षरमाला असते. टोकन हाती लागले तर ते वैध असेपर्यंत आपल्या खात्यात शिरकाव होऊ शकतो, म्हणून ते आधी झाकावे. मूळ प्रत तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करावे. नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि एच दाबून नाव शोधावे आणि त्याजागी सगळीकडे एकच पर्यायी शब्द भरावा. ओळी खोडू नयेत आणि एकाच नावाला दोन ठिकाणी दोन पर्याय देऊ नयेत. तसे केल्यास वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी असल्याचा भास होतो.

कंपनीच्या अधिकृत तिकिटात ओळखक्रमांक राहू द्यावा, तेथे तो उपयोगी पडतो. सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या प्रतीतून मात्र तो काढावा. ‘डम्प’ प्रकारच्या फाइलीत मेमरीतील मजकूर जसाच्या तसा असू शकतो आणि तो नोटपॅडने झाकता येत नाही, म्हणून ती केवळ अधिकृत तिकिटातूनच पाठवावी.

सावधान: ‘मी सपोर्टमधून बोलतोय’ म्हणत डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आपण होऊन संदेश पाठवणाऱ्या व्यक्तीला कोणतीही फाइल देऊ नये आणि तिने दिलेले ‘लॉग गोळा करणारे’ सॉफ्टवेअर चालवू नये. खऱ्या सपोर्टला पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही. लहान भावंडांना हे समजावून सांगावे. त्यांचीही फसवणूक होऊ शकते.

८. संकुचित करणे आणि पाठवणे

फोल्डरवर उजवी क्लिक करून विंडोज ११ मध्ये ‘कॉम्प्रेस’चा पर्याय निवडून झिप फाइल करावी, विंडोज १० मध्ये ‘सेंड टू’मध्ये ‘कॉम्प्रेस्ड फोल्डर’ आहे. लॉग हा निव्वळ मजकूर असल्याने झिप केल्यावर तो पुष्कळ लहान होतो. पावसात केबल तुटलेली असताना आणि सड्यावर (उंच कातळी पठारावर) जाऊन मोबाइलच्या रेंजवर फाइल चढवताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

सपोर्टच्या तिकिटातच फाइल जोडण्याची सोय असेल तर तीच वापरावी. जीमेलने पाठवताना जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. गूगल ड्राइव्हची लिंक द्यायची असेल तर शेअरिंग मूळ स्थितीत ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. ते ‘एनीवन विथ द लिंक’ केले नाही तर समोरच्याला फाइल उघडतच नाही आणि परवानगी मागणारा त्याचा ईमेल आपल्याला आठवड्याने दिसतो. व्हॉट्सॲपवरून कोणा मित्राला फाइल द्यायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. स्क्रीनशॉटही त्याच मार्गाने द्यावेत, कारण फोटो म्हणून पाठवल्यास बारीक अक्षरे पुसट होतात.

तपासणी: ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत आपलीच लिंक उघडून फाइल उतरवून पाहावी. तिचा आकार मूळ झिपएवढा आहे आणि ती उघडते, याची खात्री झाल्यावरच लिंक पाठवावी. रेंज मध्येच गेली असेल तर फाइल पूर्ण चढलेली नसते, आणि ते आपल्याला येथेच कळते.

९. सोबतचा मजकूर

फाइल कितीही चांगली असली तरी सोबत चार नेमकी वाक्ये हवीत. बहुतेक कंपन्यांना इंग्रजीत लिहावे लागते. तेथे लहान, साधी वाक्ये वापरावीत. आशय असा असावा: ‘१४ जुलै रोजी भारतीय वेळेनुसार रात्री ९:४० वाजता, दुसऱ्या नकाशाचे लोडिंग चालू असताना गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला. संगणक चालूच राहिला. त्याच नकाशावर दर वेळी असे होते, पहिल्या नकाशावर होत नाही. १३ जुलैला ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला होता. मॉड नाहीत. गेमचा लॉग, डीएक्सडायग आणि १००० क्रमांकाची नोंद जोडली आहे.’

बिघाड दर वेळी होतो की कधी कधी, हे सांगायला विसरू नये. करून पाहिलेले उपाय आणि त्यांचा परिणामही लिहावा, नाहीतर पहिल्या उत्तरात तेच उपाय परत येतात. तक्रार ऑनलाइन जोडणी तुटण्याची असेल तर आपण वायफायवर होतो की मोबाइल डेटावर, आणि दुसऱ्या जोडणीवर तसेच होते का, एवढे तरी नक्की लिहावे.

१०. तिकीट गेल्यानंतर

आता गेम पुन्हा सुरू करायला हरकत नाही. फाइलींची पडताळणी, ड्रायव्हर बदलणे, मॉड काढणे हे उपाय एका वेळी एकच करावेत आणि प्रत्येक उपायानंतर गेम चालवून पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम सुरू झाला, तर कोणत्या गोष्टीने गुण आला हे कोणालाच सांगता येत नाही. पुन्हा बिघाड झाला तर नवा लॉग नव्या उपफोल्डरात ठेवावा आणि त्याच तिकिटाच्या उत्तरात जोडावा. उत्तर उशिरा येते म्हणून दुसरे तिकीट उघडल्यास काही ठिकाणी दोन्ही तिकिटे एकत्र करून रांगेच्या शेवटी टाकली जातात. डेस्कटॉपवरचा मूळ फोल्डर तिकीट बंद झाल्याचा संदेश येईपर्यंत काढून टाकू नये, कारण तंत्रज्ञ आणखी एखादी फाइल मागतो ती पुष्कळदा त्याच रात्रीची असते.